पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल : पातळी बघायची कशी, टाकायचं किती

इंजिन ऑइल बघायची सवय असलेला माणूस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही तसंच बघायला जातो. गाडी बंद करतो, थोडा वेळ थांबतो, पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) ओढतो, पुसतो, परत घालून बघतो. इंजिनासाठी हे बरोबर आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ते चूक आहे, आणि चूक लक्षातही येत नाही, कारण पट्टीवर खूण दिसते आणि ती पटण्यासारखी असते. ऑइल कमी असताना पट्टी भरलेली दिसते आणि गाडी तशीच पळत राहते. किंवा थंड गाडीत पातळी खाली दिसते, माणूस वरून ओततो आणि गरम झाल्यावर ऑइल जास्त होतं.

पिकअपला हे जास्त महागात पडतं. मागे माल, चढाचा रस्ता, कधी ट्रेलर, कधी चिखल. या सगळ्या कामात गिअरबॉक्स साध्या कारपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून या लेखात ओतण्यापेक्षा मोजण्यावर जास्त भर आहे. ओतायला पाच मिनिटं लागतात. नेमकं किती ओतायचं हे कळणं, हेच खरं काम आहे.

हे ऑइल करतं तरी काय

मॅन्युअल गिअरबॉक्समधलं ऑइल मुख्यतः वंगण असतं. दात एकमेकांवर घासू नयेत आणि बेअरिंग कोरडी पडू नयेत, एवढंच त्याचं काम. ऑटोमॅटिकमध्ये मात्र ऑइल स्वतः यंत्राचा भाग असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते ती ऑइलमधूनच. एका बाजूची पाती ऑइल फेकतात, समोरची पाती त्या झोताने फिरतात. पंप ऑइलला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी तो दाब हव्या त्या क्लचकडे पाठवते आणि त्या दाबाने क्लच प्लेटा घट्ट आवळल्या जातात. गिअर पडणं म्हणजे हेच. शिवाय तयार झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणं आणि आतले ग्रहगिअर व बेअरिंग ओले ठेवणं हीदेखील याच ऑइलची कामं.

यातली कळीची गोष्ट दाब. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. ऑइलमध्ये हवा मिसळली की दाब कमी पडतो, प्लेटा पूर्ण आवळल्या जात नाहीत, त्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की जळतात. ऑइल कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा ओढली जाते. पण ऑइल जास्त असेल तरी तेच होतं. फिरणारे गिअर ऑइलमध्ये बुडतात, ते घुसळतात आणि फेस तयार होतो. फेस म्हणजे पुन्हा हवाच. म्हणून गिअर उशिरा पडणं, इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी न ओढणं, वळणावर किंवा चढावर मधेच झटका बसणं, ही लक्षणं कमी ऑइललाही दिसतात आणि जास्त ऑइललाही. नुसत्या लक्षणांवरून बाटली उघडू नये ती यासाठीच. आधी पट्टी, मग बाटली.

जास्त ऑइलचा आणखी एक धोका आहे. फेस फुगून ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या छोट्या वाटेतून, बाहेर येतो आणि खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो. त्यावर हे ऑइल पडलं की धूर निघतो, आणि परिस्थिती वाईट असेल तर आग लागते.

आधी गाडीची पुस्तिका उघडा

तीन गोष्टी पुस्तिकेतूनच घ्यायच्या. तुमच्या गाडीला पट्टी आहे की नाही, मोजताना लिव्हर कुठे आणि इंजिन चालू की बंद, आणि ऑइल कोणत्या स्पेसिफिकेशनचं.

पट्टी असलेल्या बहुतेक पिकअपमध्ये मोजताना इंजिन चालू आणि लिव्हर पार्कमध्ये लागतो. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या पट्टीवाल्या पिकअपमध्ये असंच आहे. पण डॉजच्या जुन्या रॅम पिकअपमधले टॉर्कफ्लाइट घराण्यातले गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये मोजावे लागतात, कारण पार्कमध्ये त्यांच्या कन्व्हर्टरकडे ऑइलचा प्रवाह नीट जात नाही. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची पद्धत उलटीच. तिथे गाडी तापवून, इंजिन बंद करून, साधारण एक ते दीड मिनिटात पट्टी बघायची असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या पिकअपला जे चालतं ते तुमच्या गाडीला चालेल असं धरू नका.

इंजिन चालू का ठेवायचं, हेही सांगतो. पंप इंजिनावर चालतो. इंजिन चालू असताना कन्व्हर्टर, कूलर आणि आतले सगळे मार्ग भरलेले असतात आणि उरलेलं ऑइल खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या भांड्यात, असतं. पट्टीवरच्या खुणा या स्थितीसाठी आखलेल्या असतात. इंजिन बंद केलं की वरचं ऑइल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी चढलेली दिसते. जितका वेळ जास्त, तितकी खोटी भरती.

ऑइल कोणतं

इथे घाई अजिबात नको. ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये क्लच प्लेटांना किती घर्षण मिळावं याचं गणित मिसळलेल्या रसायनांनी बसवलेलं असतं. चुकीचं ऑइल पडलं तर प्लेटा घसरतात किंवा आवळताना थरथरतात. घट्टपणाही वेगवेगळा असतो. नव्या आठ-दहा गिअरच्या बॉक्समधली ऑइलं जुन्यांपेक्षा बरीच पातळ असतात.

जनरल मोटर्सचं डेक्सरॉन १९६७ मध्ये आलं आणि त्याच्या पिढ्या बदलत गेल्या. आजचं डेक्सरॉन सहा जुन्या डेक्सरॉन तीनच्या जागी चालतं, उलटं चालत नाही. फोर्डकडे मरकॉन पाच, मरकॉन एलव्ही आणि दहा गिअरच्या बॉक्ससाठी मरकॉन यूएलव्ही. नावं जवळची असली तरी एलव्ही आणि यूएलव्ही एकमेकांच्या जागी टाकायची नसतात. क्रायस्लर, डॉजच्या बऱ्याच गाड्यांना एटीएफ प्लस फोर लागतं, टोयोटाच्या बहुतेक अलीकडच्या गाड्यांना डब्ल्यूएस. सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे, ते इथे टाकायचं नाही.

'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या बाटल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाटलीच्या मागे तुमचं स्पेसिफिकेशन नावानिशी असेल, आणि नुसतं 'योग्य' नव्हे तर गाडी बनवणाऱ्याची मान्यता लिहिलेली असेल, तर वापरा. तसं नसेल तर अर्धा लिटर टाकण्यासाठीही पुस्तिकेतलंच ऑइल शोधा. गळती थांबवणारं किंवा गिअर मऊ पाडणारं औषध म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांपासून तर लांबच राहा. त्यातली काही रसायनं जुनी सीलं फुगवून तात्पुरती गळती थांबवतात, पण घर्षणाचं गणित बिघडवतात.

रंगावरून स्पेसिफिकेशन ठरवू नका. लाल रंग गळती ओळखता यावी म्हणून मिसळलेला असतो. दोन लाल ऑइलं एकसारखी असतीलच असं नाही, आणि झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सचं लाइफगार्ड आठ तर नवं असतानाच हिरवट असतं.

काय काय लागेल

फार काही नाही. धागे न सुटणारं स्वच्छ कापड, लांब मानेचं अरुंद नरसाळं, हातमोजे, टॉर्च, मापाच्या खुणा असलेली छोटी बाटली, पांढरा कागद आणि चाकांना लावायचे ठोकळे. इंजिन पुसायला वापरतात तो कापसाचा गुंडाळा इथे चालत नाही. पट्टीला चिकटलेला एक धागा आत गेला की व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटेत अडकू शकतो. नरसाळ्याचंही तसंच. ज्यातून इंजिन ऑइल किंवा कूलंट ओतलंय ते नरसाळं धुऊनही इथे नको, यासाठी वेगळंच ठेवा.

ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या बिघाड तपासणीच्या, सॉकेटला जोडायचा स्कॅनर असेल तर फार उत्तम. बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्सचं तापमान थेट दाखवतो, आणि पुढे दिसेल की सगळं तापमानावरच अवलंबून आहे.

मोजण्याची पद्धत

१. गाडी आधी चालवा. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्स नीट तापत नाही. काटा मध्यावर आला म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं, गिअरबॉक्स नव्हे. वीस-तीस किलोमीटर वेगवेगळ्या वेगाने चालवली की ऑइल कामाच्या तापमानाला येतं. बहुतेक गाड्यांत ते ६५ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी असतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. नुकताच ट्रेलर ओढला असेल, खूप वेळ वेगात किंवा कडक उन्हात गर्दीतून आला असाल, तर उलट अर्धा तास गाडी बंद ठेवून थांबा आणि मग इंजिन चालू करून मोजा. अति तापलेल्या ऑइलची पातळी खोटी चढलेली असते.

२. गाडी सपाट जागेवर लावा. लांब चेंबरच्या पिकअपमध्ये थोडासा उतारही पट्टीवर ठळक फरक पाडतो. मागे माल भरलेला असेल तर मागची बाजू दबलेली असते, म्हणून शक्यतो रिकाम्या गाडीत मोजा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना ठोकळे लावा. इंजिन चालू राहणार आहे, त्यामुळे जागा मोकळ्या हवेची हवी. बंद शेडमध्ये हे करू नका.

३. ब्रेक पायाने दाबून लिव्हर पार्कपासून शेवटच्या गिअरपर्यंत न्या आणि परत आणा. प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबा. यामुळे सगळे मार्ग आणि क्लच ऑइलने भरतात. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पार्क किंवा न्यूट्रलमध्ये ठेवा. न्यूट्रलमध्ये मोजायची गाडी असेल तर हँडब्रेकवर एकट्यावर भरवसा नको, ठोकळे हवेतच.

४. इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. समोर पंखा आणि पट्टा फिरतोय. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

५. गिअरबॉक्सची पट्टी ओळखा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये ती साधारणपणे इंजिनाच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीजवळ असते आणि इंजिनाच्या पट्टीपेक्षा लांब असते. टोकावरच्या ऑइलचा रंग आणि पातळपणा बघून खात्री करा. काही गाड्यांत पट्टीला अडकण असते, ती सोडवल्याशिवाय ओढू नका.

६. पट्टी ओढण्याआधी नळीचं तोंड पुसून घ्या. तिथली धूळ आत जायला नको. पट्टी काढा, पुसा, पूर्ण बसेपर्यंत आत घाला, परत काढा आणि आडवी धरून वाचा.

वाचताना थोडा वेळ द्या, कारण बहुतेक चुका इथेच होतात. नळीच्या भिंतीला ऑइल लागलेलं असतं आणि ते पट्टीवर ओघळतं. एका बाजूला उंच रेघ, दुसऱ्या बाजूला खाली. दोन्ही बाजू बघा आणि जी बाजू खाली दाखवते ती खरी धरा. ओघळ तुटक असतो, खरी पातळी दोन्ही कडांपर्यंत सलग ओली असते. स्वच्छ नवं ऑइल पट्टीवर दिसतच नाही, तेव्हा ती उजेडात तिरपी धरा किंवा कागदावर टेका. निदान तीन वेळा पुसून बघा आणि दोन वाचनं जुळली तरच ते माना.

पट्टीवर बहुधा दोन पट्टे असतात, एक थंडसाठी आणि एक गरमसाठी. थंडचा पट्टा फक्त अंदाजासाठी असतो, विशेषतः ऑइल बदलल्यावर गाडी रस्त्यावर काढण्याइतकं आत आहे का हे बघायला. निर्णय गरमच्या पट्ट्यावरच घ्यायचा. कारण साधं आहे. १० लिटर ऑइल २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलिलिटरने फुगतं. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलंत, तर गाडी तापल्यावर जवळजवळ अर्धा लिटर जास्त झालेलं असेल.

पातळी गरमच्या पट्ट्याच्या आत कुठेही असेल तर काहीच टाकायची गरज नाही. वरच्या रेघेला भिडवायचा आग्रह धरू नका.

ऑइल पाहून काय कळतं

पट्टीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेका. लालसर, पारदर्शक आणि वास नसल्यासारखं ऑइल चांगलं. वापराने ते थोडं तपकिरी होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गडद तपकिरी ते काळं, आणि जळकट वास, म्हणजे ऑइल बरंच तापलंय आणि बहुधा प्लेटाही घासल्या गेल्यात. अशा ऑइलमध्ये वरून नवं टाकल्याने पातळी भरते, गिअरबॉक्स बरा होत नाही. इथे चेंबर उघडून आत काय साचलंय ते बघणारा माणूस हवा. चेंबरच्या चुंबकावर राखाडी चिखलासारखा थर असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे तुकडे असणं नेहमीचं नाही.

ऑइल दुधाळ गुलाबी दिसत असेल तर त्यात पाणी आहे. बऱ्याच पिकअपमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून फिरतं. तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये शिरतं. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असताना उघडून तिथे तेलकट थर आहे का बघा. दुसरी वाट पिकअपची खास आहे, पाण्यातून गाडी काढणं. तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. कारण कुठलंही असो, असं ऑइल दिसलं की गाडी चालवायची नाही, ओढूनच न्यायची. क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या डिंकाने चिकटवलेलं असतं तो पाण्याने सुटतो आणि अस्तर निघून येतं. इथे उशीर परवडत नाही.

पट्टीवर बुडबुडे किंवा फेस दिसला तर पातळी जास्त आहे का ते आधी बघा.

टाकताना

आता बाटली उघडा. पट्टीवाल्या बहुतेक गाड्यांत ऑइल टाकायची जागा म्हणजे पट्टीचीच नळी. इंजिन चालू, लिव्हर मोजतानाच्या जागी. नरसाळं नळीत बसवा आणि बारीक धारेने ओता. नळी अरुंद असते, घाई केली की ऑइल वर येऊन तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं.

बऱ्याच पट्ट्यांवर खालच्या आणि वरच्या रेघेतलं अंतर साधारण अर्ध्या लिटरचं असतं. इंजिनाच्या पट्टीवर तेवढ्याच अंतराला एक लिटरच्या आसपास जातं, आणि त्या अंदाजाने ओतणारा इथे दुप्पट ओतून बसतो. म्हणून एका वेळी पाव लिटर पुरे, खालच्या रेघेच्या जरा वर असाल तर त्याहून कमी. ओतल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे नळीच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरेल. लिव्हर पुन्हा सगळ्या गिअरमधून फिरवा आणि परत मोजा. पट्ट्याच्या मध्याच्या थोडं वर आलं की थांबा. वरच्या रेघेपर्यंत पोहोचायची गरज नाही. थोडी जागा सोडलेली बरी, कारण चढावर माल घेऊन गेल्यावर ऑइल आणखी तापेल आणि आणखी फुगेल.

पट्टीवर ऑइलच दिसत नसेल तर किती कमी आहे ते पट्टी सांगू शकत नाही. अर्धा लिटर टाका, इंजिन चालू करून बघा, आणि पातळी पट्टीवर येईपर्यंत गाडी चालवू नका. या वेळी मोजणी थंडच्या पट्ट्यावर होईल. गाडी तापल्यावर गरमच्या पट्ट्यावर पुन्हा मोजायचं हे विसरू नका.

जास्त झालंच तर ते काढावंच लागतं. 'चालेल थोडं' असं इथे नसतं. पट्टीच्या नळीतून बारीक रबरी नळी सोडून मोठ्या सिरिंजने किंवा हातपंपाने ओढून घ्या. इंजिन बंद करून ओढा, परत चालू करून मोजा. चेंबरला ड्रेन प्लग असेल तर तिथूनही निघतं, पण गरम ऑइल हातावर येतं आणि थोडंच काढून प्लग परत लावणं अवघड जातं. सिरिंज जास्त बरी.

चुकीचं ऑइल पडल्याचं ओतल्यावर लगेच लक्षात आलं तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी हलवू नका. ते फिरण्याआधी चेंबर रिकामा केला तर नुकसान टळतं. फिरल्यावर ते कन्व्हर्टर आणि कूलरमध्येही जातं, आणि नुसता चेंबर रिकामा करून सगळ्या ऑइलपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच बाहेर येतं.

पट्टीच नसेल तर

नव्या पिकअपमध्ये हे फार आहे. कंपन्या या गिअरबॉक्सना सीलबंद म्हणतात. सीलबंद म्हणजे आत ऑइल मोजता येत नाही असं नव्हे, ते गाडीखाली जाऊन मोजायचं असतं. फोर्डच्या काही बॉक्समध्ये खालच्या बाजूला प्लगखाली छोटी पट्टी लपवलेली असते आणि बाजूला तापलेला सायलेन्सर. टोयोटा आणि इतर अनेकांकडे ओव्हरफ्लो प्लग असतो.

ओव्हरफ्लोचं तत्त्व सोपं आहे. चेंबरच्या आत ठराविक उंचीची नळी उभी असते. ठराविक तापमानाला, इंजिन चालू असताना, ऑइल त्या नळीच्या तोंडापर्यंत असावं. प्लग काढल्यावर बारीक धार येऊन थेंबांवर आली तर पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी. जोराची धार आली तर जास्त, ती थेंबांवर येईपर्यंत वाहू द्यायची.

हे काम घरी करायचं असेल तर तीन अटी पाळा. पहिली, गाडी उचललेली असतानाही चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढची चाकं वर घेतली तर पातळी चुकते. खड्डा किंवा लिफ्ट नसेल, चार भक्कम स्टँड नसतील, तर हे काम वर्कशॉपला द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली इंजिन चालू ठेवून जायचं नाही, कितीही थोड्या वेळासाठी नाही. दुसरी, तापमान स्कॅनरवर बघा. ही खिडकी अरुंद असते. बऱ्याच बॉक्समध्ये ती ३५ ते ५० अंशांच्या आसपास कुठेतरी दहाएक अंशांची असते, म्हणजे पट्टीच्या पद्धतीपेक्षा बरीच थंड. गाडी तापवून आणलीत तर आधी थंड होऊ द्यावी लागेल. तिसरी, भरायचा प्लग आधी सुटतो का बघा, मगच मोजायचा प्लग काढा. भरायचा प्लग गंजून बसला असेल आणि मोजायचा आधी उघडला, तर ऑइल निघून जाईल आणि परत टाकता येणार नाही.

ऑइल टाकायला हातपंप लागतो, बाजूच्या प्लगमधून ओतता येत नाही. थोडं टाका, ओव्हरफ्लोतून थेंब येऊ लागले की थांबा. प्लगचा वायसर नवा टाका आणि पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जास्त जोराने निघून येतात.

गेलं कुठे?

इंजिन थोडं ऑइल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. बंद यंत्रणा आहे. पातळी कमी झाली म्हणजे ऑइल कुठेतरी गेलं, आणि ते शोधल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही. दर महिन्याला थोडं थोडं टाकत राहणं हा उपाय नाही. एखाद्या दिवशी पाइप पूर्ण सुटतो आणि भर रस्त्यात काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा होतो.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा खडूने आखा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे लाल डाग असेल तर पुढच्या पंपाचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेंबरच्या कडेने ओलं असेल तर पॅकिंग. मागच्या टोकाला असेल तर शाफ्टचं सील. रेडिएटरजवळ असेल तर कूलरचे पाइप किंवा त्यांचे जोड. पाइप चॅसिसला घासून झिजतात आणि पावसाळी, खारट हवेत गंजतात, त्यामुळे त्यांची संपूर्ण लांबी टॉर्चने बघा. वायरच्या सॉकेटचा ओ-रिंग, लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि पट्टीच्या नळीच्या बुंध्याचा ओ-रिंग या जागा छोट्या आहेत आणि हमखास विसरल्या जातात. वाऱ्याने ऑइल मागे उडतं, म्हणून आधी सगळं पुसून कोरडं करा, थोडं चालवा आणि सर्वांत पुढची, सर्वांत वरची ओली जागा शोधा.

खाली एक थेंब नाही, तरी पातळी उतरते, अशीही वेळ येते. तेव्हा तीन जागा बघायच्या. रेडिएटरचं कूलंट, वर सांगितल्याप्रमाणे. दुसरी, फोर-बाय-फोर असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा बॉक्स. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधलं सील गेलं की ऑइल एकातून दुसऱ्यात जातं. गिअरबॉक्सची पातळी उतरते आणि ट्रान्सफर केसचा भरायचा प्लग उघडला की ऑइल भळभळून बाहेर येतं. तिसरी जागा जुन्या पिकअपची आहे. फोर्डचा सी-सिक्स, जनरल मोटर्सचे टर्बो ३५० आणि टर्बो ४०० यांसारख्या बॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या ओढीवर चालणारा, गिअर बदलण्याचा दाब ठरवणारा भाग) असतो, आणि त्याचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळून टाकतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि लोक इंजिन उघडायला निघतात. मॉड्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघा. आत लाल ऑइल असेल तर बिघाड सापडला, आणि तो भाग बाहेरूनच बदलता येतो.

ऑइल टाकल्यावर आठवडाभराने त्याच जागी, त्याच तापमानाला पुन्हा मोजा. तारीख, किलोमीटर, पट्टीवरची पातळी आणि किती टाकलं हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. गाडी मेकॅनिककडे न्यायची वेळ आली तर गळतीचा वेग तो या नोंदींवरूनच काढतो. काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत नको.